पंप एचपीवर मोजू नका हो!

पंपवाला: काल एका सेक्रेटरींनी सोसायटीच्या आग विझवायच्या पंपाबद्दल लिहिलं, "कन्सल्टंटने 100 एचपी सांगितलाय, आम्ही 150 चा बसवतोय, आगीशी खेळ नको." राहवलं नाही. पंप मिनिटाला किती लिटर आणि किती हेड (म्हणजे पाणी किती मीटर चढवायची ताकद) यावर घेतात. आमच्या एका 20 मजली कामात स्प्रिंकलरसाठी (छतातले पाण्याचे फवारे) चौरस मीटरला मिनिटाला 5 लिटर, 360 चौ.मी. धरलं: मिनिटाला 1800 लिटर. पंपाजवळच्या स्प्रिंकलरमधून जास्तच पाणी जातं, म्हणून 2280 चा पंप. हायड्रंटलाही (होज जोडायचे नळ) तोच. हेड: उंची 60, गच्चीवर साडेतीन बार दाब हवा त्याचे 35, घर्षण 10, झाले 105 मीटर. व्हॉल्व्ह बंद असताना एवढाच पंप 12 बारला टेकतो, आणि साध्या स्प्रिंकलरची मर्यादाही साधारण तेवढीच. तुम्ही खुशाल 150 लावा, दाब त्याच्या वर गेला की पार्किंगमधल्या गाड्या फुकटात धुऊन निघतील.

सेक्रेटरी_ठाणे: तो मीच. उद्या काही झालं तर सही माझी आहे, तुमची नाही.

जुना_फिटर: कितीचाही घ्या, स्विच मॅन्युअलवरच असणार! आमच्याकडे लाइन गळत होती, जॉकी (लाइनमधला दाब टिकवणारा छोटा पंप) सारखा सुरू व्हायचा. गळती शोधायची सोडून कमिटीने वीजबिलापायी ऑटो बंद केलं. सातव्या मजल्यावर डक्ट पेटला तेव्हा पंपरूमला कुलूप, चावी खजिनदाराकडे, खजिनदार गावाला. बादल्यांनी विझवली आग.

बी_विंग: आणि त्याच वर्षी जानेवारीत, जुलैत फॉर्म बी (आगीची यंत्रणा ठीक असल्याचा एजन्सीचा दाखला) आलाच असेल. आमचा एजन्सीवाला गेटवरच सही करून जातो. सगळे चोर.

पंपवाला: सगळे म्हणू नका. टेस्टला पंप चालवू म्हटलं की "पाणी वाया जातं" कोण ओरडतं? तुम्हीच ना?

बी_विंग: टँकरचे पैसे तुम्ही भरता का?

जुना_फिटर: टेस्ट लाइन परत टाकीत सोडा की! पाणी जातं कुठे? चाळीस वर्षं तेच सांगतोय.

पंपवाला: विषय साइझिंगचा होता. पंपावर लिहिलेल्याच्या 150 टक्के पाणी काढल्यावर हेड लिहिलेल्याच्या 65 टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. पंपाचा कर्व्ह (किती पाण्याला किती हेड, तो आलेख) मागवा, एवढंच म्हणतोय.

सेक्रेटरी_ठाणे: मागवला. 150 ची ऑर्डर थांबवलीय. झालं समाधान? चावी मात्र माझ्याकडेच राहील.

जुना_फिटर: मग गावाला कधी जाताय तेवढं आधी कळवा.