प्रॉपर्टीग्रिडमध्ये चालू प्रोग्राममध्ये ठरणारे गुण (प्रॉपर्टीज) कसे दाखवायचे?

चाळीतली_कोडर
नमस्कार. मुंबईत मशीद बंदरजवळ लोहार चाळीत मामांचं इलेक्ट्रिक सामानाचं दुकान आहे. त्यांच्यासाठी सी-शार्पमध्ये, विनफॉर्म्सवर (विंडोजच्या खिडक्या-बटणांचं डॉटनेटमधलं साधन) मालाचा प्रोग्राम लिहितेय. डावीकडे मालाची यादी, उजवीकडे प्रॉपर्टीग्रिड, म्हणजे निवडलेल्या वस्तूचे गुण ओळीओळीने दाखवणारा तयार तक्ता. अडचण अशी की प्रत्येक मालाचे गुण निराळे. एमसीबीला (जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच) अँपिअर, पोल, कर्व्ह, वायरला स्क्वेअर एमएम, रंग, कॉइलची लांबी, पंख्याला स्वीप (पात्यांच्या फेऱ्याचा व्यास). त्यात मामा मध्येच म्हणतात, "आता एलईडी पॅनेल ठेवतोय, त्याचे वॅट टाक." दर वेळी नवा क्लास लिहायचा, बिल्ड करायचं आणि पेनड्राइव्ह घेऊन दादरहून मशीद बंदर गाठायचं, हे किती दिवस चालणार?

म्हणून गुणांची नावं नि प्रकार डेटाबेसच्या टेबलात ठेवले आणि वाचून डिक्शनरीत (नाव आणि किंमत यांच्या जोड्या ठेवणारी यादी) भरले. पण ग्रिडच्या सिलेक्टेडऑब्जेक्टला (कोणती वस्तू दाखवायची ते इथे देतात) डिक्शनरी दिली की ग्रिडमध्ये 'काउंट' वगैरे दिसतं, अँपिअरचा पत्ताच नाही. एक्सपांडोऑब्जेक्ट (चालू प्रोग्राममध्ये गुण जोडता येणारी 'डायनॅमिक' वस्तू) दिला, तर ग्रिड कोराच.

ठाणेकर
एक्सपांडो सोडून द्या, ग्रिडला 'डायनॅमिक' कळत नाही. तो टाइपडिस्क्रिप्टरला (वस्तूंची माहिती देणारा डॉटनेटचा क्लास) विचारतो, या वस्तूच्या प्रॉपर्टीज कोणत्या? तुमच्या क्लासने आयकस्टमटाइपडिस्क्रिप्टर इंटरफेस घेतला असेल, तर उत्तर तुमचा क्लास देतो. त्यात डझनभर तरी मेथड्स आहेत, पण सगळ्या हाताने लिहू नका. डॉटनेट २.० पासून कस्टमटाइपडिस्क्रिप्टर नावाचा तयार क्लास आहे, त्याचा वारसा घेऊन तुमचा 'माल' क्लास लिहा. गेटप्रॉपर्टीज आणि गेटप्रॉपर्टीओनर ओव्हरराइड करा, म्हणजे त्यांची स्वतःची रूपं लिहा. ओनरमधून 'धिस' (म्हणजे तीच वस्तू) परत द्या, नाहीतर पुढे गेटव्हॅल्यूमध्ये कंपोनंट (ज्या वस्तूचा गुण वाचायचा ती) नल, म्हणजे रिकामा येतो.

मग प्रॉपर्टीडिस्क्रिप्टरचा (एका गुणाचं वर्णन करणारा क्लास) वारसा घेऊन एक छोटा क्लास. त्याच्या गेटव्हॅल्यूने डिक्शनरीतून वाचायचं, सेटव्हॅल्यूने तिच्यात लिहायचं. प्रॉपर्टीटाइप टेबलातून घ्या.

गोरेगाव_पूर्व
घाई असेल तर जवळची वाट आहे. डेटाटेबलला (मेमरीतलं टेबल) चालू प्रोग्राममध्ये कॉलम जोडा आणि त्याच्या एका ओळीचा डेटारोव्ह्यू सिलेक्टेडऑब्जेक्टला द्या. तो हाच इंटरफेस घेऊनच येतो, त्यामुळे कॉलम प्रॉपर्टीज म्हणून दिसतात. पण रंगाची ठरलेली यादी दाखवायची तर शेवटी ठाणेकरांच्याच रस्त्याला यावं लागेल; तिथे टाइपकन्व्हर्टरच्या (लिहिलेला मजकूर आणि किंमत यांची अदलाबदल करणारा क्लास) गेटस्टँडर्डव्हॅल्यूजमधून यादी देता येते.

चाळीतली_कोडर
झालं! दोघांचेही मनापासून आभार. ठाणेकरांच्या रस्त्याने गेले. पण काल रात्री दोन तास ग्रिड कोराच होता. गेटप्रॉपर्टीजची दोन रूपं आहेत, आणि मी फक्त बिनपॅरामीटरचं लिहिलं होतं. ग्रिड अ‍ॅट्रिब्यूट्सचा अ‍ॅरे घेणारं रूप बोलावतो! दुसऱ्यातून पहिलं बोलावलं, तशा वायरच्या तिन्ही ओळी समोर उभ्या राहिल्या. कुणाचा ग्रिड कोरा राहिला, तर आधी हे बघा.

आणखी एक. आधी मी सगळ्या गुणांचा प्रकार स्ट्रिंग (साधा मजकूर) ठेवला होता. मामांनी वायरच्या साइजमध्ये सरळ "दीड" लिहिलं आणि ते जसंच्या तसं सेव्ह झालं. त्यांचं काही चुकलं नाही, गिऱ्हाईकही दीडचीच वायर मागतं. आता टेबलात डेसिमल (दशांश संख्या) केलंय, ग्रिड स्वतःच अडवतो आणि १.५ लिहावं लागतं.

नवा गुण जोडल्यावर सिलेक्टेडऑब्जेक्ट पुन्हा सेट करते, लगेच ओळ दिसते. आज एलईडी पॅनेलचे वॅट मामांनी स्वतः जोडले. मी दादरलाच होते.