राजकारण-समाजावर वाचायला काय सुचवावं: मूळ कागद की त्यावरचे लेख?

कोथरूडकर:
आमच्या वाचनगटात दर रविवारी कुणीतरी राजकारण, समाज किंवा माणसाच्या वागण्याबद्दलचं ऑनलाइन वाचन सुचवतं. हल्ली यादीत नुसते 'सोप्या शब्दांत' समजावणारे लेख असतात. माझं म्हणणं, आधी मूळ कागद वाचा, भाष्य नंतर.

पुण्याचंच बघा. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं प्रशासकच कारभार पाहत होता. त्यावर ढीगभर लेख फिरले, पण संविधानातला अनुच्छेद २४३-यू किती जणांनी उघडला? पालिकेची मुदत पाच वर्षं आणि ती संपायच्या आत निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. दोन मिनिटांचं वाचन आहे. संविधानसभेतल्या चर्चा, राज्य शासनाने काढलेले डॉ. आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचे खंड, जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगाला दिलेलं निवेदन, सगळं फुकट वाचायला मिळतं.

मुठाकाठची:
अजिबात पटलं नाही. २४३-यू वाचून निवडणूक व्हायला हवी होती एवढंच कळतं. ती का झाली नाही, हे त्यात कुठे आहे? त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा मार्च २०२१ चा निकाल समजून घ्यावा लागतो. ओबीसी आरक्षणाआधी स्वतंत्र आयोग नेमा, त्या त्या संस्थेपुरतं प्रमाण ठरवा, एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या वर नेऊ नका, ही तिहेरी चाचणी. मग त्यासाठी राज्याने नेमलेला बांठिया आयोग, शिवाय प्रभागरचनेचे वाद. मला हे एका मराठी लेखामुळे समजलं. निकाल इंग्रजीत आहे. माझी आई रोज पेपर वाचते, मतदान कधी चुकवत नाही, पण तो निकाल ती कसा वाचणार? तुमच्या यादीत तिला जागाच नाही.

सिंहगडरोडवाला:
माणसाच्या वागण्यावरच्या लेखांबाबत मी कोथरूडकरांच्या बाजूने. मार्शमॅलोचा प्रयोग पालकांच्या प्रत्येक ग्रुपवर येतो: जे पोर समोरचा गोड खाऊ लगेच न खाता, जास्त मिळावा म्हणून थांबतं, ते पुढे यशस्वी होतं. २०१८ मध्ये ९०० हून अधिक मुलांच्या माहितीवर हे पुन्हा तपासलं, तेव्हा तो संबंध निम्म्यावर आला. घरची परिस्थिती आणि मुलाची सुरुवातीची समज हिशेबात घेतल्यावर तर फारच थोडा उरला. म्हणजे पोराला 'संयम शिकवा' सांगताना घरच्या परिस्थितीचा विषयच गाळला जातो. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत ठोस निष्कर्ष हाती लागला. जुनेच दावे अजून बिनधास्त फिरतात, याची मला खरंच चीड येते.

मुठाकाठची:
चीड रास्त आहे. पण २०१८ चा तो शोधनिबंध आपल्यापैकी किती जणांना वाचता येईल? त्यातले तक्ते समजायला संख्याशास्त्र लागतं. खोटं उघडं पाडणारे लेखही कुणीतरी सोप्या भाषेतच लिहिलेले असतात. वाईट लेख गाळा की! ज्यात मूळ निकालाचा किंवा अभ्यासाचा दुवा नाही, तो यादीत घेऊ नका.

पर्वतीपायथा:
एक भर घालतो. मराठीत काही नाही असं धरून चालू नका. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे. आपल्या पुण्यातून निघणाऱ्या 'साधना' साप्ताहिकाचे जुने अंक चाळता येतात. गोखले इन्स्टिट्यूटने जुनी पुस्तकं स्कॅन करून ठेवलीत. भारताचं संविधान तर सरकारनेच मराठीत दिलंय, काकूंनाही ते वाचता येईल.

कोथरूडकर:
दुव्याची अट मान्य. या रविवारी २४३-यू मराठीतून पाठवतो, मुठाकाठची, तुमचा लेखही सोबत जोडतो. पण आधी अनुच्छेद. लेख आधी वाचला की लेखकाचं मत डोक्यात बसतं आणि मग मूळ मजकुरातही तेच दिसायला लागतं.

मुठाकाठची:
पाठवा. आईला मात्र मी लेखच आधी देणार. प्रश्न पडल्याशिवाय ती अनुच्छेद उघडणार नाही, आणि प्रश्न तिला लेखामुळेच पडेल.