एसीएलचं (गुडघ्याची हाडं आतून बांधून ठेवणाऱ्या लिगामेंटचं) ऑपरेशन दुसऱ्यांदा करायचंय, एक डॉक्टर म्हणतात एकदाच तर दुसरे म्हणतात दोन टप्प्यांत

कृष्णाकाठ: नमस्कार मंडळी, धाकटा भाऊ कबड्डी खेळतो, वय २३, चढाईपटू. ३ वर्षांपूर्वी उजव्या गुडघ्याचं एसीएल तुटलं तेव्हा मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगच्या टेंडनचा ग्राफ्ट (लिगामेंटच्या जागी बसवतात तो तुकडा) घालून ऑपरेशन झालं, ७व्या महिन्यात मॅटवर उतरला आणि आता दिवाळीपासून वळताना गुडघा सटकतोय, जिना उतरायचीही भीती. एमआरआयमध्ये ग्राफ्ट तुटलेला दिसतोय. एक सर्जन म्हणतात एकाच वेळी होईल, दुसरे म्हणतात आधी हाड भरू मग काही महिन्यांनी लिगामेंट, वर बाहेरच्या बाजूने एक पट्टी. दोनदा भूल, दोनदा खर्च, आईचा जेवणावरचा जीवच उडालाय. कुणाला अनुभव आहे का?

अस्थिरोग_निवासी: दादा, पद्धत नंतर ठरते, आधी पहिलं का गेलं ते शोधायला लावा. सीटी स्कॅन झालाय का? एमआरआयवर भागवू नका, ग्राफ्ट बसवायला हाडात पाडलेले बोगदे मोजायला सीटीच लागतो. जुना बोगदा योग्य जागी असेल आणि रुंदावला नसेल तर तोच वापरतात, पार चुकीच्या जागी असेल तरी बरं, कारण नवा वेगळा पाडता येतो. खरी अडचण अर्धवट चुकलेल्या बोगद्याची, नवा पाडला की दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि ग्राफ्टला धरायला हाडच उरत नाही. साधारण १४-१५ मिमीच्या वर रुंदी गेली की बहुतेक सर्जन दोन टप्पेच सांगतात.

सातारकर_८९: माझं दोन टप्प्यांत झालंय. कमरेचं हाड काढून बोगदे भरले, खरं सांगतो गुडघ्यापेक्षा कंबरच जास्त दुखली. ५ महिन्यांनी सीटीत हाड भरलेलं दिसल्यावर क्वाड्रिसेप्सचा (मांडीच्या पुढच्या स्नायूच्या टेंडनचा) ग्राफ्ट घातला. मधले महिने सर्वात वाईट, गुडघा सैलच असतो, पण तेव्हा फिजिओ सोडू नका, मांडी वाळली की पुढे फार जड जातं.

फिजिओताई: ती पट्टी म्हणजे मांडीच्या बाहेरच्या बाजूला जो आयटी बँड नावाचा जाड पट्टा असतो त्याची साधारण १ सेमी रुंद पट्टी, खाली नडगीला जोडलेलीच ठेवून बाजूच्या लिगामेंटखालून नेऊन मांडीच्या हाडात बसवतात. त्याने वळताना नडगी आत फिरून सटकणं कमी होतं. कॅनडा आणि युरोपातल्या २०२०च्या अभ्यासात १४ ते २५ वयाची ६१८ मुलं-मुली होती, पट्टी जोडल्यावर २ वर्षांत ग्राफ्ट तुटण्याचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आलं. ती सगळी पहिलीच ऑपरेशनं होती, तरी तुमच्या भावासारख्या वळणाच्या खेळातल्या पोराला मी तरी पट्टी नको म्हणणार नाही. आणि बाजूने काढलेल्या एक्सरेत नडगीच्या वरच्या टोकाचा मागच्या बाजूला असलेला उतार मोजायला सांगा, १२ अंशांच्या वर असेल तर प्रत्येक पावलाला ग्राफ्ट ताणला जातो, काहींचं त्यासाठी हाडही कापून सरळ करावं लागतं. मेनिस्कस (गुडघ्यातली गादी) मागून फाटलाय का तेही विचारा. ७व्या महिन्यात मॅट फार लवकर झाली हो, ९ महिन्यांच्या आत नकोच, दुसऱ्या वेळी तर त्याहून उशिरा.

कृष्णाकाठ: ताई, तेव्हा जिल्हा निवड होती, आम्हीच घाई केली, त्याचं फार वाईट वाटतंय. सोमवारी सीटी काढतोय, उताराचंही विचारतो. एक राहिलं, उजव्याची हॅमस्ट्रिंग गेलीच आहे तर डाव्या पायाची घेऊ म्हणतात, चढाईला तोच पाय पुढे असतो त्याचा, चालेल का?

अस्थिरोग_निवासी: त्याच गुडघ्याचा क्वाड्रिसेप्स किंवा वाटीखालचा टेंडन शिल्लक आहे ना, मग चांगल्या पायाला हात लावायच्या आधी त्याबद्दल नक्की विचारा. सीटीचा रिपोर्ट आला की बोगद्यांची मापं इथे टाका.