मदत हवी आहे : जॅग्ड अलायन्स २ – पैसा पुरत नाही, इंटरप्ट मिळत नाही, आणि आवृत्ती कुठली घ्यावी?

पायदळी_प्यादं

लोकहो, जॅग्ड अलायन्स २ (सर-टेक कॅनडा, १९९९; भाडोत्री सैनिक घेऊन आळीपाळीने, टर्नटर्नने लढायचा संगणकखेळ) मूळ स्वरूपात सुरू केला आहे. पातळी एक्सपीरियन्स्ड, सायन्स फिक्शन बंद, आयर्न मॅन (लढाईत सेव्हला बंदी) बंद. सध्या ओमेर्टा आणि ड्रासेन या गावांपैकी ओमेर्टा आणि ड्रासेनचे तिन्ही सेक्टर, म्हणजे नकाशावरचे भाग (बी१३, सी१३, डी१३), ताब्यात. टीममध्ये एक आयएमपी (स्वतः घडवलेलं पात्र) आणि एआयएम या भाडोत्री सैनिकांच्या कंपनीचे चार जण, चौघांचे करार आठवड्याचे. गाडी अडली आहे ती इथे :

पहिलं, ३५,००० डॉलरपैकी आता जेमतेम पाच हजार उरलेत. डी१३ची खाण आपली झाली, पण तिच्यातून छदामही येत नाही.

दुसरं, आपला माणूस दाराकडे तोंड करून बसलेला असतो, शत्रू दारातून आत येतो, गोळी घालतो, आणि आपला नुसता बघत बसतो. इंटरप्टचा, म्हणजे शत्रूच्या टर्नमध्ये मधेच आपल्याला हलायला मिळण्याचा, नियम नक्की काय आहे?

तिसरं, रायफलची रेंज भरपूर, पण समोरचा दिसतच नाही. मग लांब पल्ल्याच्या बंदुकीवर पैसे घालायचे कशाला?

चौथं, खिडकी ६४०×४८०ची, आणि विंडोज १०वर माउस अडखळतो. १.१३ घ्यावा की स्ट्रॅचिआटेला (दोन्ही चाहत्यांनी केलेल्या आवृत्त्या)?

आणि एकूणात, हा खेळ शेवटपर्यंत नेण्याच्या लायकीचा आहे का? गुणदोष दोन्ही सांगा. जुन्या आठवणींचे उमाळे नकोत, प्लीज.

खाणमालक

खाण ताब्यात घेतली म्हणजे ती सुरू झाली असं नाही. डी१३मध्ये मुख्य खाणकामगार असतो, त्याच्याशी जाऊन बोला. तो हो म्हणाला की रोजची आवक सुरू. खेळ हे कुठेही ठळक सांगत नाही, आणि मोठी वैगुण्यं मोजायची तर हे पहिलं : महत्त्वाच्या गोष्टी संवादांत पुरून ठेवल्यात. आवक लॉयल्टीवरही, म्हणजे गावाच्या तुमच्यावरच्या निष्ठेवरही, अवलंबून असते. त्यामुळे गावात ग्रेनेड फेकताना नागरिक मारू नका. एक मेला तरी टक्केवारी घसरते आणि ती परत वर यायला वेळ लागतो.

त्याच फेरीत सी१३मध्ये फादर वॉकर या पाद्र्याला गाठा. बंडखोरांना अन्न पाठवायचं काम त्याच्याकडून होतं. आणि ओमेर्टात फातिमाला पत्र दिलंत, ती ए१०ला घेऊन गेली, बंडखोरांचा म्होरक्या मिगेलशी बोलणं झालं, पण त्यांच्यातल्या आयराला बरोबर घेतलंत का? तुमच्या यादीत ती दिसत नाही. ती पगार घेत नाही, तिच्याकडे टीचिंगचं कौशल्य आहे आणि लीडरशिपही चांगली. नेमबाज म्हणून ती कामाची नाही, पण मिलिशिया, म्हणजे गाव राखणारे स्थानिक लढवय्ये, तयार करायला सुरुवातीला तिच्याइतकं स्वस्त आणि चांगलं माणूस नाही. एआयएमच्या महागड्या माणसाला शिकवायला बसवणं म्हणजे रोज पैसे जाळणं.

मिलिशियाचा हिशोब : लॉयल्टी किमान २० टक्के लागते. एका सत्राला ७५० डॉलर, त्यात दहा जण तयार होतात. एका सेक्टरमध्ये जास्तीत जास्त वीस. म्हणजे ड्रासेनचे तीन सेक्टर भरायला सहा सत्रं, ४,५०० डॉलर. तुमच्याकडे पाच हजारच आहेत, तेव्हा एकदम सगळं करू नका. आधी डी१३, मग बी१३, सी१३ शेवटी. सेक्टर भरल्यावर पुन्हा शिकवलं की हिरव्या शर्टाचे फिकट निळे होतात, पण ती चैन नंतरची. एकाच गावातल्या सेक्टरांमध्ये मिलिशिया नकाशावरून इकडची तिकडे करता येते, हे विसरू नका. गावाबाहेर मात्र मूळ खेळात ती पाऊल टाकत नाही.

रात्रपाळी

इंटरप्टचं सांगतो. इथेच बहुतेकांचा गैरसमज असतो.

मूळ खेळात एका टर्नला कमाल २५ एपी (अ‍ॅक्शन पॉइंट, प्रत्येक हालचालीला खर्च होणारे). उरलेल्यांपैकी जास्तीत जास्त ५ पुढच्या टर्नला जातात, म्हणून लोकांना वाटतं की पाचच राखायचे. पण शत्रूच्या टर्नमध्ये इंटरप्ट मिळाला तर तुम्ही त्या क्षणी शिल्लक असलेले *सगळे* एपी वापरता. चारपेक्षा कमी उरले असतील तर इंटरप्टचा विचारच होत नाही. चार उरले पण गोळीला आठ लागतात, तर इंटरप्ट मिळूनही हात चोळत बसायचं. म्हणून दारावर नेम धरून बसणाऱ्याने एक गोळी आणि वर नेम साधायच्या एक-दोन क्लिकपुरते तरी एपी राखावेत.

दुसरी अट याहून महत्त्वाची. इंटरप्ट मिळतो तो *नव्याने नजरेस पडलेल्या* शत्रूवर. तुमच्या टर्नच्या शेवटी जो आधीच दिसत होता, तो सरळ चालत आला तरी इंटरप्ट नाही. तुमच्या दाराच्या किश्शात बहुधा हेच होतंय : दार उघडं, शत्रू बाहेर दिसतोय, तुम्ही टर्न संपवला. अशा वेळी एक पाऊल बाजूला, भिंतीआड व्हा. तो कोपऱ्यावरून आत आला की नव्याने दिसतो.

मग प्रश्न उरतो तो अनुभवाच्या पातळीचा. लेव्हल १चा आणि लेव्हल ४चा समोरासमोर आले तर कोण आधी हलणार, हे सांगायला नको. अंधारात नाइट ऑप्सचं कौशल्य असलेल्याला फायदा. म्हणून कोपरा धरायला सगळ्यात अनुभवी माणूस ठेवा, सगळ्यात चांगला नेमबाज नव्हे.

एपी कुठे उडतात तेही बघा. बसायला २, मॅगझिन बदलायला ५, छतावर चढायला १०, खाली उतरायला ६. जखमी किंवा दमलेल्या माणसाला मुळातच कमी मिळतात. चढून लगेच गोळी घालायची घाई केली की इंटरप्टसाठी काही उरत नाही आणि छतावर उघडे पडता. चढा, आडवे व्हा, टर्न संपवा.

शेवटची_गोळी

रेंजबद्दल. दिवसा उघड्यावर माणसाला साधारण १३ चौकोनांपर्यंतच दिसतं, आणि चांगल्या रायफलची रेंज त्याच्या कितीतरी पुढे असते. हा दोषही आहे आणि डावही. नजर टीमची एकत्र चालते : एकाने पाहिलं की दुसरा, स्वतःला दिसत नसलं तरी, त्याच्यावर गोळी घालू शकतो, मधली रेषा मोकळी असली तर. त्यामुळे एक जण पुढे, झुडपाआड आडवा, कॅमफ्लाज लावून. त्याने गोळी घालायचीच नाही. रायफलवाले दोघे मागे, छतावर. समोरच्यांना मागचे दिसत नाहीत आणि ते बहुतेक वेळा पुढच्याला हुडकत फिरतात. पुढच्याला मात्र धुराचा बॉम्ब द्या, नाहीतर तोच बळी जातो.

नेम किती टक्के लागेल हे कर्सर दाखवत नाही, याचा वैताग येणारच. जे आहे ते वापरा : एफ दाबलं की लक्ष्य किती चौकोनांवर आहे ते कळतं, एंड दाबून धरलं की आपल्या माणसाला कुठवर दिसतं ते, डिलीट दाबून धरलं की कुठल्या चौकोनात किती आड मिळते ते. उजवं क्लिक करून नेम चार पायऱ्यांपर्यंत वाढवता येतो, प्रत्येकीला एक एपी. लांबवरच्या दोन घाईच्या गोळ्यांपेक्षा पूर्ण नेमाची एक बरी. चार-पाच चौकोनांवर उलट. आणि कर्सर डोक्यावर नेला तर डोक्याचा नेम : इजा जास्त, पण लागण्याची शक्यता कमी. पिवळ्या शर्टावर (सगळ्यात कच्चे शत्रू; लाल त्यावरचे, काळे सगळ्यात तरबेज) जवळून चालतं, लांबून छातीच धरा.

गोळ्यांत सुरुवातीला हॉलो पॉइंट (चिलखत नसलेल्याला जास्त इजा करणाऱ्या) घ्या. पिवळ्या शर्टवाल्यांच्या अंगावर फारसं चिलखत नसतं. लाल शर्ट वाढले की आर्मर पिअर्सिंग (चिलखत भेदणाऱ्या). काळ्या शर्टवाल्यांवर हॉलो पॉइंट म्हणजे पैसे पाण्यात.

जुनी_सीडी

चौथ्या प्रश्नाचं थोडक्यात. स्ट्रॅचिआटेला म्हणजे तोच खेळ, नव्या इंजिनवर, चुका दुरुस्त करून. मूळ डेटा फोल्डर लागतं. लाँचरमध्ये त्याचा मार्ग द्या, रिझोल्यूशन निवडा आणि भाषेची आवृत्ती तुमच्या सीडीशी जुळती ठेवा. ती चुकली की खेळ सुरूच होत नाही किंवा मजकूर गडबडतो. माउसचं अडखळणंही जातं.

१.१३ हा वेगळा प्राणी आहे : बंदुकांचा ढीग, नवे कप्पे, शंभर एपीची पद्धत, सेटिंगच्या फाईलमध्ये शेकडो ओळी. तो स्वच्छ मूळ इन्स्टॉलवर चढवावा लागतो. प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवू नका, विंडोज तिथे लिहू देत नाही आणि सेव्ह भलतीकडे जातात. ड्राइव्हवर वेगळं फोल्डर करा. दोन्हींचे सेव्ह एकमेकांत चालत नाहीत, तेव्हा आत्ताच ठरवा.

माझं मत : पहिला खेळ स्ट्रॅचिआटेलावर.

रात्रपाळी

असहमत नाही, पण १.१३च्या बाजूने एक गोष्ट. मूळ खेळात राणी, म्हणजे आपली मुख्य शत्रू, फारच सुस्त आहे. ड्रासेन घेतलं की तिने सगळं सोडून धावून यायला हवं, पण येतात त्या लहान तुकड्या. १.१३मध्ये ड्रासेनवरचा मोठा प्रतिहल्ला चालू करता येतो आणि मग मिलिशियाची खरी किंमत कळते. पहिल्यांदा खेळणाऱ्याने तो बंदच ठेवावा.

शत्रूची रात्रीची अक्कल हा दुसरा दोष. गोळीचा आवाज झाला की ते आवाजाकडे एकेक करून येतात. चार जण एका भिंतीआड, कोपऱ्याकडे तोंड, एपी राखलेले. एक गोळी हवेत, आणि अर्धा सेक्टर दारात येऊन मरतो. हे कळलं की मधला खेळ सोपा होतो. आव्हान हवं असेल तर दिवसा हल्ला करा. पुढे शत्रूकडे मॉर्टर आले की मात्र हीच भिंत स्मशान होते, चौघे चिकटून बसलेत म्हणून.

पायदळी_प्यादं

खाणकामगाराशी बोललो, आवक सुरू झाली! आयरा ए१०मध्येच राहिली होती, आता बोलावून घेतो. दोन उपप्रश्न : बॉबी रेज या बंदुकांच्या ऑनलाइन दुकानातून मागवलेल्या मालातल्या वस्तू गायब होतात, आणि ड्रासेननंतर पुढे कुठे? चित्झेना गाव घ्यावं का?

खाणमालक

माल बी१३च्या विमानतळावर तिथला कामगार पाब्लो चोरतो. एक-दोन ठोसे द्या, ठार मारू नका. मग माल पूर्ण येतो.

चित्झेना नको. खाण लहान, कोपऱ्यात, आणि राखायला तेवढीच मिलिशिया. आधी ड्रासेनजवळची डी१५ सॅम साइट (विमानविरोधी क्षेपणास्त्रांचा तळ). स्कायरायडर हा हेलिकॉप्टरचा पायलट ड्रासेनजवळच्या दलदलीत सापडेल. त्याचं हेलिकॉप्टर सुरक्षित आकाशात सेक्टरमागे १०० डॉलर घेतं, असुरक्षित आकाशात १,०००. डी१५ हाती नसताना उडणं म्हणजे दहापट भाडं, आणि वर पडायची भीती. मग कॅम्ब्रिया गाव : एच८ची खाण चांगली, एफ८ला हॉस्पिटल.

शेवटची_गोळी

मधे सॅन मोना गावाला थांबा. डी५मध्ये रात्री मुष्टियुद्धं असतात, एका झुंजीवर १,००० ते ५,००० डॉलर लावता येतात. हँड टू हँड किंवा मार्शल आर्ट्सवाला, ताजातवाना, हातात काही नाही. जास्तीच्या बंदुका तिथला दुकानदार टोनी घेतो. तिथला गुंडांचा म्होरक्या किंगपिनच्या पैशांना मात्र हात लावू नका, मारेकरी मागे लागतात.

जुनी_सीडी

शेवटपर्यंत न्यावा का, हे कोणीच लिहिलं नाही म्हणून.

न्यावा. कारण इथे प्रत्येक लढाईचा खर्च नकाशावर दिसतो. जिंकलात पण दोघे जखमी, तर डॉक्टरकडे पाच दिवस. पाच दिवस म्हणजे करार संपला. करार संपला म्हणजे खाणीचा पैसा त्यात गेला आणि मिलिशियाचं राहून गेलं. गोळी झाडताना हा हिशोब डोक्यात असतो. शिवाय माणसांना स्वभाव आहेत, कोणाचं कोणाशी पटत नाही, कोणी तुमची टीम बघून यायलाच नकार देतो.

वाईट काय? लढाईनंतरची आवराआवर. वीस बंदुका, प्रत्येकीतल्या गोळ्या काढा, अर्धवट मॅगझिन एकत्र करा, टूलकिटवाल्याला दुरुस्तीला बसवा. ते टाळलं तर बंदुका अडकतात, ऐन वेळी. शेवटचा शत्रू सेक्टरच्या कोपऱ्यात दडून बसला की त्याला शोधत टर्नवर टर्न जातात. आणि राणीची राजधानी मेडुनात रणगाडे आल्यावर तोपर्यंतचं अर्धं कौशल्य निरुपयोगी ठरतं. तिथे एलएडब्ल्यू रॉकेट आणि मॉर्टर नसतील तर जाऊच नका.

करार वाढवताना बघा : दोन आठवड्यांचा करार रोजच्या हिशोबाने सगळ्यात स्वस्त पडतो, पण आत्ता पाच हजारांत तो फक्त एकाचा करा. बाकी तिघांना करार संपला की जाऊ द्या. ते जाताना त्यांचं सामान आहे त्या सेक्टरमध्ये ठेवायचं की नंतर दुसरीकडे, हे खेळ विचारतो; तेव्हा आहे तिथेच ठेवायला सांगा. त्यांच्या जागी एमईआरसी या दुसऱ्या कंपनीचे स्वस्त लोक, ईमेल आला की. त्यांचं बिल उधारीवर चालतं, फक्त फार थकवू नका.

पायदळी_प्यादं

सामानाचं माहीत नव्हतं. परवा एकाचा करार संपतोय, त्याच्याकडे टीममधली एकमेव रात्रीची दुर्बीण आहे. ती आहे तिथेच ठेवायला सांगतो.