अंग खाली आलंय, बाळ अंगावर पितंय आणि रजा संपलीय: कसं निभावलंत?

रजा संपत आली की सगळे दोनच गोष्टी विचारतात, बाळ कुणाकडे ठेवणार आणि दुधाचं काय. माझी तिसरीच अडचण आहे. बाळंतपणात मूत्राशय खाली उतरलंय, डॉक्टर सिस्टोसील म्हणतात, दुसरी ग्रेड. सकाळी काही जाणवत नाही. दुपारनंतर मात्र काउंटरवर बसलं की खाली काहीतरी मध्ये येतं आणि ओटीपोट ओढल्यासारखं होतं. दूध काढायला बँकेची रेकॉर्ड रूम मिळाली आहे, पण तिथली खुर्ची मोडकी, म्हणून उभ्यानंच पंप लावते. कुणाची गर्भाची पिशवी, कुणाची योनीची मागची भिंत उतरली असेल. कामावर परतल्यावर काय केलंत ते लिहा. नुसतं 'काळजी घे' नको, ते घरी भरपूर मिळतं.

परिचारिका, विदर्भ
पेशंट उचलणं हेच आमचं काम, त्यामुळे मला वाटलं नोकरीच सोडावी लागणार. फिजिओथेरपिस्टने एकच सवय लावली: उचलण्याआधी खालचे स्नायू आत-वर ओढायचे आणि उचलताना श्वास सोडत राहायचं. खोकला, शिंक आली तरी तेच. आता पेशंट एकटीने उचलत नाही, चादरीवरून दोघी मिळून सरकवतो. ड्युटीच्या दिवशी सिलिकॉनची रिंग पेसरी, म्हणजे उतरलेला भाग आतून तोलून धरणारी कडी, योनीत घालते. पहिली मापाची नव्हती, संडासला बसले की निसटायची. माप बदलून घेतल्यावर ती आत आहे हेही विसरायला होतं. रात्री काढून साध्या साबणाने धुते. दूध पाजण्याशी तिचा काही संबंध नाही, हे सासूबाईंना तीनदा सांगून झालंय.

डोंबिवलीहून रोज फोर्ट
लोकलमध्ये उभं राहवत नाही, म्हणून आधी उलटी कल्याणला जाते आणि तिथून बसून येते. वेळ जातो, पण संध्याकाळपर्यंत तग धरता येतो. घरी नेताना दूध बर्फाच्या पिशव्यांसोबत थर्मास बॅगेत ठेवते. बाहेर चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस, हा हिशोब बालरोगतज्ज्ञांनी दिलेला. ऑफिसच्या फ्रीजमधल्या डब्यावर 'औषध' असं लिहिलंय, कुणी हात लावत नाही.

प्राथमिक शिक्षिका, सातारा जिल्हा
माझी मागची भिंत उतरलीय, त्यामुळे बद्धकोष्ठ हाच खरा शत्रू. शाळेत स्वच्छतागृह धड नाही म्हणून दिवसभर पाणी टाळायचे. अंगावर पाजताना पाणी कमी म्हणजे शौचाला आणखी घट्ट, मग कुंथणं, मग दुसऱ्या दिवशी जास्तच जड. आता मोठी बाटली टेबलावर असते आणि मधल्या सुट्टीत शेजारच्या काकूंच्या घरी जाऊन येते. त्यांना कारण सांगितलं तर म्हणाल्या, "अगं, माझंही आलंय की!" रात्री इसबगोल घेते.

दुसरं म्हणजे पोट बांधणं. आईने सव्वा महिना घट्ट पट्टा बांधला होता. पोट आत गेल्यासारखं दिसतं, पण दाब खाली जातो, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. परकराची नाडीही आता सैल बांधते. साडी थोडी घसरते, घसरू दे. फळ्यावर लिहिणं कमी केलंय, मुलांनाच लिहायला लावते, ती खूश!

म्युनिक
इथे बाळंतपणानंतर ओटीपोटाच्या स्नायूंच्या व्यायामाचा दहा तासांचा वर्ग असतो. बाळ नऊ महिन्यांचं व्हायच्या आत पूर्ण केला तर सरकारी आरोग्य विमा पैसे देतो. वर्गात सगळ्याच जणी लघवीची गळती, जडपणा यावर मोठ्याने बोलतात. पहिल्या दिवशी मी लाजेने भिंतीकडे बघत होते. कामावर पाजण्यासाठी पहिलं वर्षभर रोज अर्ध्या तासाच्या दोन सुट्ट्या कायद्यानेच मिळतात. तरी सहकाऱ्यांच्या भुवया उंचावतातच.

आयटी, पुणे
कायदा आपल्याकडेही आहे गं. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन वेळा पाजण्याची सुट्टी 1961च्या कायद्यापासून आहे. 2017च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी रजा 26 आठवडे झाली, आणि 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर, दिवसातून चारदा तिथे जायची मुभा. अंग खाली येण्याबद्दल मात्र त्यात एक ओळ नाही. मी डॉक्टरांकडून 'वजन उचलणे व दीर्घकाळ उभे राहणे टाळावे' एवढंच लिहून घेतलं. आजाराचं नाव नाही. एचआरने काही विचारलं नाही.

निवृत्त, कोल्हापूर
आमच्या वेळी हे सुईणीला सांगायचं, नाहीतर कुणालाच नाही. मी सून घरात आल्यावर तिला सांगितलं, तिनेच ऑपरेशनला नेलं. पोरींनो, इतकं थांबू नका.

धागाकर्ती
ताई, थांबत नाही. दूध तोडलं की बरं वाटेल का, असं मी डॉक्टरांना विचारलं. पाजत असताना इस्ट्रोजेन कमी असतं, त्याने तिथे कोरडं आणि नाजूक राहतं, काहींना दूध बंद झाल्यावर हलकं वाटतं. पण त्यासाठी तोडायची गरज नाही म्हणाल्या. गरज पडली तर लावायचं मलम त्या लिहून देतील. स्नायूंच्या व्यायामाचा फरक कळायला काही महिने लागतात. लघवी अडकली, रक्त गेलं किंवा बाहेर आलेला भाग आत जाईना, तर मात्र पुढच्या तारखेची वाट न बघता यायचं. उद्या शाखेतून धड खुर्ची मागणार आहे, कारण 'पाठदुखी' सांगेन.