‘दुखणार नाही’ असे मुलीला सांगितले आणि आता तिचा माझ्यावर विश्वास राहिलेला नाही

कृष्णाकाठ (प्रश्न)

माझ्या 6 वर्षांच्या मुलीला गेल्या महिन्यात रक्ताचा कर्करोग (ए.एल.एल.) असल्याचे निदान झाले असून मुंबईतील एका रुग्णालयात तिच्या केमोथेरपीचा पहिला टप्पा सुरू आहे. रुग्णाजवळ एकालाच राहू देतात, म्हणून दिवसा पत्नी आणि रात्री मी अशी पाळी लावली आहे. 10 वर्षांचा मुलगा वाईला आजीजवळ आहे. डॉक्टर सर्व समजावून सांगतात, त्याविषयी तक्रार नाही. पाठीतल्या पहिल्या इंजेक्शनला नेताना ‘काही दुखणार नाही, नुसता फोटो काढायचा आहे’ असे मीच तिला सांगितले, आणि तेव्हापासून कोणी ताप मोजायला आले तरी ती किंचाळते व मी जवळ बसलो की ‘तू खोटं बोलतोस’ म्हणून भिंतीकडे तोंड फिरवते. परवा रात्री 2 वाजता तिने बटाट्याची भाजी मागितली, ती मिळवायला वीस मिनिटे लागली, तर तिने डबा भिरकावून दिला. तिला आजाराविषयी किती सांगावे आणि हा विश्वास परत कसा मिळवावा?

सांगलीकर आई

डब्याचे मनाला लावून घेऊ नका. या टप्प्यात साधारण चार आठवडे स्टेरॉइड असते आणि त्याने भूक व राग दोन्ही अनावर होतात. माझा मुलगा पहाटे 3 वाजता वरणभात मागत असे. काउंट (रक्तातल्या पेशींची संख्या) उतरलेले असताना तासन्‌तास ठेवलेले अन्न देता येत नाही, म्हणून आहारतज्ज्ञांना विचारून मी उशाशी छोटे सीलबंद बिस्किटपुडे ठेवू लागले.

विश्वासाबाबत म्हणाल, तर मीही तुमच्यासारखीच थाप मारली होती. शेवटी त्याच्यासमोर बसून ‘मी खोटं बोलले, माझं चुकलं’ असे सरळ म्हणाले, आणि त्यानंतर ‘दुखेल का?’ या प्रश्नाला ‘हो, दहा आकडे मोजेपर्यंत’ असे खरे उत्तर देऊ लागले. आकडे तोच मोजायचा. नऊपर्यंत आला की ‘साडेनऊ, पावणेदहा’ करत वेळ काढायचा, आणि सिस्टरही तेवढे थांबत. फरक पडायला तीन-चार आठवडे गेले, हे आधीच सांगून ठेवते.

निवृत्त सिस्टर, बालरुग्ण विभाग

सुईच्या जागी तासभर आधी बधिर करणारे मलम लावता येते का आणि पाठीतल्या इंजेक्शनसाठी गुंगीचे औषध देतात का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. पुष्कळ पालक संकोचाने विचारतच नाहीत. त्या इंजेक्शनला मूल कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन असते, तेव्हा आत थांबू दिले तर तिला तुमचा चेहरा दिसेल असे उभे राहा. शक्य तिथे सुया पलंगावर न टोचता उपचारखोलीत टोचायची विनंती करा, म्हणजे निदान पलंग तरी तिला भीतीचा वाटणार नाही. आणि ‘जेवली नाहीस तर सिस्टर सुई देईल’ हे वाक्य कोणीही उच्चारू नये. आमची निम्मी अडचण या धमकीनेच झालेली असे.

आणखी एक: व्हिनक्रिस्टिन या औषधाने जबडा दुखतो आणि बद्धकोष्ठ होतो. मूल घास नाकारते, आपण त्याला हट्टी ठरवतो, आणि त्याला तर चावताच येत नसते. असे दिसले तर त्याच दिवशी सांगा. घरगुती रेचक किंवा एनिमा मुळीच देऊ नका.

देशावरचा आजोबा

वरील सर्व मान्य, परंतु आजाराचे नाव सांगू नये असे माझे मत आहे. सहा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर एवढे ओझे कशाला?

सांगलीकर आई

आजोबा, तुमची माया समजते. पण ते नाव तिच्या कानावर वॉर्डातल्या गप्पांतून पडणारच, आणि मग ते परक्या तोंडून पडेल. माझ्या मुलाला तर ‘मी औषध सांडलं म्हणून मी आजारी पडलो’ असे वाटत होते. ‘कोणाच्या चुकीने झालं नाही, भावाला लागणार नाही’ एवढे तरी सांगाच. वाईतल्या मुलालाही फोनवर हेच सांगा, आणि त्याच्या शाळेत कांजिण्या निघाल्या तर त्याला भेटीला आणण्यापूर्वी डॉक्टरांना कळवा.

कृष्णाकाठ

काल रात्री माफी मागितली. ती काहीच बोलली नाही. बऱ्याच वेळाने ‘दादाने माझ्या बाटलीतलं पाणी प्यायलं होतं, त्याला होईल का?’ असे विचारले. एवढे दिवस ती हे मनात घेऊन पडली होती, याचा मला पत्ताच नव्हता. उद्या 10 वाजता इंजेक्शन आहे आणि ते दुखेल, हे तिला सांगितले आहे. मलम 9 वाजता लावायचे ठरले आहे. सध्या ती आधी माझ्याकडून हात धुवून घेते, बोटे एकेक करून तपासते आणि मगच पलंगावर बसू देते.