मदत हवी आहे: दोन नाणी, पण मुलं चार शक्यता मानत नाहीत

रंकाळाकाठ: परवा तास आहे, लवकर सांगा. संभाव्यता चर्चेतून घ्यायची ठरवली. दोन्ही छापे पडण्याची संभाव्यता विचारली तर अख्खा वर्ग म्हणतो १/३. मी १/४ सांगितलं, तर एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, चार आलं कुठनं?" अर्धा तास वाद झाला, शेवटी मी हात वर करायला सांगितले, त्यात १/३ जिंकलं आणि घंटा झाली. आता काय करू?

शाहूपुरीकर: कितवी? पट किती? नाणी खरोखर उडवलीत की नुसतं फळ्यावर? आणि मुलांच्या तीन शक्यता कोणत्या?

जुना_मास्तर: मॅडम, गणितात मतदान घेतलंत तिथंच चुकलं. नमुना अवकाश, म्हणजे सगळ्या शक्य निकालांची यादी, लिहून घ्या, घटक मोजायला लावा, पुढं चला. दहावीच्या पेपरात तेवढंच विचारतात. बावीस वर्षं असंच शिकवतोय, मुलांना मार्क पडतात.

पंचगंगा_घाट: सर, मार्क पडतात, पण त्याच मुलाला "उद्या पाऊस पडेल?" विचारा. पडेल किंवा नाही, म्हणजे निम्मी-निम्मी, असंच सांगेल. 'समसंभाव्य', म्हणजे सगळे निकाल सारख्याच शक्यतेचे, हा शब्द पाठ असतो, समजलेला नसतो.

रंकाळाकाठ: दहावी. पट ४८. तीन म्हणजे दोन छापे, दोन काटे, एक छापा-एक काटा. नाणी उडवली नाहीत, दोन गोल फळ्यावर काढले होते.

गल्लीतला_गणिती: मग मुलांचं मोजणं चुकलेलं नाही, तीनही निकाल खरेच आहेत. फक्त ते तिन्ही सारख्या वजनाचे नाहीत. १७५४ साली फ्रेंच विश्वकोशात दालांबेर हा मोठा गणितीसुद्धा याच जातीच्या चुकीत अडकला होता. दोन फेकींत निदान एकदा छापा येण्याची संभाव्यता त्याने ३/४ ऐवजी २/३ काढली. हे वर्गात सांगाच, "चार कुठनं आलं" विचारणाऱ्या पोराची मान ताठ होईल.

कवडीमोल: नाणी सोडा, कवड्या आणा. आजीकडं सारीपाटाच्या असतील.

गल्लीतला_गणिती: आत्ता नको. कवडी उलटी-सुलटी सारख्या वेळा पडेल याची खात्री नसते. समसंभाव्य नसलेलं उदाहरण म्हणून पुढच्या तासाला फार छान.

जुना_मास्तर: पत्ते घ्या, ५२ पानं, सगळं स्वच्छ.

शाहूपुरीकर: आमच्याकडं पत्ते वर्गात आणले म्हणून पालक भांडायला आले होते. शिवाय निम्म्या मुलांना किलवर-इस्पिक ठाऊक नसतं, तास त्यातच जातो.

नवा_सदस्य: दहावीनंतर सायन्सला कुठलं कॉलेज चांगलं? कोल्हापुरातच हवं.

पंचगंगा_घाट: त्यासाठी वेगळा धागा काढा हो.
मॅडम, मी करतो ते सांगतो. रुपयाची दोन नाणी घ्या, एकाला नेलपॉलिश लावा. रंगीत छापा-साधा काटा आणि रंगीत काटा-साधा छापा हे दोन वेगळे, हे मुलं लगेच मान्य करतात. मग विचारा: "रंग पुसला तर नाणी वेगळी पडायला लागतील का?" आणि गप्प बसा. उत्तर तुम्ही द्यायचं नाही. त्यानंतर २४ जोड्या, प्रत्येकी २० वेळा, म्हणजे ४८० फेकी. मुलांचं खरं असेल तर एक छापा-एक काटा १६० च्या आसपास येईल, तुमचं खरं असेल तर २४० च्या. दोन्ही आकडे आधीच फळ्यावर लिहून ठेवा. एकेका जोडीच्या वीस फेकींवर मात्र निकाल लावू नका, तिथं काहीही येतं.

जुना_मास्तर: ४८० फेकींचा गोंगाट शेजारच्या वर्गाला ऐकू जाईल. पण रंग पुसायचा प्रश्न चांगला आहे. तो मीही विचारीन.

रंकाळाकाठ: हे करते. नेलपॉलिश घरात आहे. पण एक-एक २२० वेळाच आलं तर? पोरं म्हणतील, बाई, २४० कुठं आलं?

पंचगंगा_घाट: तर विचारा, २२० कुणाच्या आकड्याला जवळ आहे.